कचरा हातावेगळा कसा करावा

अभिनंदन. व्हिसा आला, सहल कंपनीची टोपी मिळाली, आणि सामानात अर्धा किलो बाकरवडीही बसली. आता एकच विद्या शिकायची राहिली आहे, जी माहितीपत्रकात छापत नाहीत: बाकरवडी संपल्यावर रिकाम्या पिशवीचं काय करायचं?

प्रश्न किरकोळ समजू नका. भरलेली पिशवी तुम्ही पुण्याहून टोकियोपर्यंत मांडीवर जपत नेता, तेव्हा तक्रार नसते. तीच रिकामी झाली की पुढच्या चौकापर्यंत नेववत नाही. हात अवघडतात, बोटं तेलकट होतात, फोटोत पिशवी दिसते म्हणून बायको ओरडते. आम्हाला तुमचं दुःख कळतं. म्हणून तर हा अभ्यासक्रम.

उद्दिष्ट आधी नीट समजून घ्या. डबा शोधणं हे आपलं उद्दिष्ट नव्हे. पिशवी 'आपली नव्हेच' असं होणं, हे उद्दिष्ट. डबा हे त्याचं एक साधन, आणि पुढे दिसेल की तेही फार भरवशाचं नाही.

साहित्य: रिकामी पिशवी एक, निर्विकार चेहरा एक, आणि 'कुणीतरी' एक. या 'कुणीतरी'शी ओळख वाढवा. 'कुणीतरी उचलेल' या वाक्याचा तो कर्ता आहे. जगात जिथे जिथे रस्ता स्वच्छ दिसतो, तिथेही कर्ता तोच असतो. फक्त तो कोण, हे देशोदेशी बदलतं.

पिशवीच्या मागे, वजन आणि किमतीच्या शेजारी, एक चिमुकला माणूस डब्यात काहीतरी टाकताना छापलेला असेल. त्याच्याकडे बघून हुरळून जाऊ नका. त्याला डबा सापडलेला आहे. तुमचं तसं नाही.

पाठ १. घरच्या मैदानावर हात बसवा

परदेशात थेट उडी घेऊ नये. आधी इथे चार मूळ डाव घोटून घ्यावेत.

खिडकी: रेल्वेची उत्तम, एसटीची बरी. स्वतःच्या गाडीची सर्वांत कठीण, कारण काच खाली करून वर करेपर्यंत एसी वाया जातो.

कुंडी: म्हणजे फुलझाडाची. पानं दाट हवीत. तुळशीत टाकू नका, आपले काही संस्कार आहेत.

ढीग: जिथे आधीच चार पिशव्या पडल्यात तिथे पाचवी टाकणं म्हणजे कचरा करणं नव्हे, ती नुसती भर. ढीग सापडत नसेल तर 'येथे कचरा टाकू नये' ही पाटी शोधा. पाटी कुणी उगाच लावत नाही. जागा अनुभवी लोकांनी आधीच पारखलेली असते.

निर्माल्य: हा डाव वरच्या इयत्तेचा. प्लॅस्टिकची कुठलीही पिशवी घ्या, वर झेंडूची दोन वाळकी फुलं दिसतील अशी गाठ मारा आणि पुलाच्या कठड्यावरून नदीत. श्रद्धेला कोण हटकणार? पुण्यात पुलांना उंच जाळ्या बसवल्या गेल्या, पण खचून जाऊ नका. जाळीलाच गाठ मारून लटकवलेली पिशवीही देवाला पोचते, असं जाळीकडे पाहून वाटतं.

चारही डाव जमले? मग विमानात बसा.

पाठ २. टोकियोत धीर सोडू नका

पहिल्या दिवशी तुमचा समज होईल की इतक्या स्वच्छ शहरात पावलोपावली डबे असणार. तासभर चाला. डबा नाही. आणखी तासभर चाला. डबा नाही, आणि कचराही नाही. इथे नवशिक्याचा पहिला मानसिक धक्का बसतो. पाणी प्या. (बाटली हातात राहील. ती सध्या पाठीवरच्या पिशवीत ठेवा.)

कारण असं. २० मार्च १९९५ ला ओम् शिन्रिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये सारीन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर स्थानकांवरचे आणि बाहेरचे डबे मोठ्या प्रमाणावर हलवले गेले. ज्यात कचरा लपतो त्यात दुसरंही काही लपू शकतं. डबे गेले म्हटल्यावर काय व्हायला हवं होतं, ते तुम्ही-आम्ही जाणतो. आठवड्याभरात उकिरडा. जपानी माणसाने काय केलं? त्याने कचरा घरी नेला. आजही नेतो. विश्वास बसत नसेल तर रस्त्यात कुणालाही विचारा, 'डबा कुठे?' तो लाजून वाकेल आणि आपल्या बॅगेतली चुरगाळलेली वेष्टनं ठेवलेली छोटी पिशवी दाखवेल. हा त्याचा 'कुणीतरी'. तो स्वतःच. अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

तरी काही युक्त्या सांगून ठेवतो.

थंड पेयांच्या यंत्राशेजारी डबा दिसेल. आनंदाने धावू नका. त्याला गोल भोक असतं, फक्त बाटल्या आणि कॅनसाठी. पिशवीची घट्ट गोळी करून सारणारे लोक तिथेही निघाले, म्हणून काही नव्या डब्यांची भोकं खाली तोंड करून केली आहेत. म्हणजे आता कचरा टाकण्यासाठी आधी डब्याला नमस्कार करावा लागतो.

चोवीस तास उघड्या दुकानांत डबे असतात, पण ते गिऱ्हाइकांसाठी. तेव्हा आत जा, एक ओनिगिरी विकत घ्या. मग कळेल की ओनिगिरीचं वेष्टन तीन तुकड्यांत निघतं, आणि तुमच्या हातात आता एकाऐवजी चार वस्तू आहेत. पुन्हा आत जा.

तोकुशिमा प्रांतातलं कामिकात्सु गाव सहलीत असेल तर तब्येत बरी नाही म्हणून सांगा. तिथे कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. आपल्याकडे ओला आणि सुका या दोनांवरून सोसायटीच्या सभेत खुर्च्या उचलल्या जातात, हे त्यांना सांगू नका. ते ऐकून घेतील आणि त्याने अधिक वाईट वाटेल.

एक इशारा. जपानी माणसाच्या फार सहवासात राहू नये. २०२२ च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात जपानी प्रेक्षकांनी उद्घाटनाच्या सामन्यानंतरही पिशव्या काढून स्टँड साफ केले. सामना कतार आणि इक्वेडोरचा होता. संघ यांचा नाही, कचरा यांचा नाही, मैदान यांचं नाही. 'आपली नव्हेच' या आपल्या मूळ सिद्धांताला इतका गंभीर धक्का आजवर कुणी दिलेला नाही.

पाठ ३. सोल आणि तैपेई: संगीत ऐकून पळत सुटू नका

दक्षिण कोरियात १९९५ पासून घरचा कचरा विकतच्या ठरावीक पिशवीत भरून द्यावा लागतो. जितका कचरा तितकी पिशवी, तितके पैसे. कोरियन गृहस्थानेही मग तेच केलं, जे तुम्ही केलं असतं. घरचा कचरा गुपचूप रस्त्यावरच्या डब्यात. डबे ओसंडू लागले. सोलच्या प्रशासनाने यावर उपाय काढला तो पुणेरी वळणाचा: डबेच काढून टाकले. डबा नाही, तर ओसंडणार काय? पुढे लोकांनी डबे मागितले, काही परत आले. तो लपंडाव अजून चालू आहे. तुम्ही त्यात पडू नका. कॉफीचा रिकामा पेला बसथांब्याच्या कठड्यावर ठेवा, आणि तो तिथे आधीपासूनच होता अशा नजरेने त्याच्याकडे पहा.

तैपेईत संध्याकाळी दुरून बेथोव्हेनचं 'फ्यूर एलिझे' ऐकू येईल. आइस्क्रीमची गाडी समजून मुलांना घेऊन धावाल, तर रांगेत उभे राहाल आणि समोर घंटागाडी येईल. घंटेच्या जागी बेथोव्हेन, एवढाच फरक. काही गाड्या बादार्झेव्स्का या पोलिश बाईंनी एकोणिसाव्या शतकात रचलेली 'कुमारिकेची प्रार्थना' वाजवतात. कचरा जमिनीला टेकू द्यायचा नाही, असा तिथला नियम. माणूस पिशवी हातात घेऊन दारात उभा राहतो, गाडी येते, तो स्वतः आत टाकतो. रस्त्यात ठेवलीच नाही, तर कुत्र्याने फाडायची कधी? कुत्र्यांच्या रोजगाराचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

पाठ ४. सिंगापूर: इथे काहीही करू नका

सिंगापुरात आपले लोक इतके शहाण्यासारखे वागतात की आम्हाला शिकवायला काही उरतच नाही. विमानतळावर उतरल्यापासून हात खिशात. ली क्वान यू यांनी १९६८ मध्ये स्वच्छतेची मोहीम सुरू केली, १९९२ मध्ये च्युइंगगमची आयात बंद झाली, कारण मेट्रो गाड्यांच्या दारांच्या संवेदकांवर लोक ते चिकटवत. त्याच वर्षापासून कचरा टाकणाऱ्याला भडक रंगाचं जाकीट घालून चारचौघांत झाडू मारायची शिक्षाही देता येते. दंड आपण भरला असता. पण जाकिटातला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला तर काय, या एका विचाराने तुमचे काका तीन दिवस पानसुद्धा खात नाहीत.

मात्र जाणकाराने पहाटे पाचला खाली उतरून एक फेरी मारावी. लांब चिमटे, झाडू आणि ढकलगाड्या घेऊन माणसं निघालेली दिसतील. कुणी स्थानिक आजोबा, कुणी बांगलादेशातून किंवा आपल्याकडूनच कामाला आलेला. नाश्त्याच्या वेळी गाइड सांगेल, 'इथले लोक बघा, किती शिस्तीचे.' मान डोलवा. गाइडचा पहाटेशी संबंध नसतो. शिस्तीचंच म्हणाल, तर खाऊगल्ल्यांतल्या लोकांनी आपापले ट्रे उचलून ठेवावेत यासाठी २०२१ मध्ये दंडाचा बडगा काढावा लागला.

पाठ ५. झुरिक, किंवा साडूच्या नावाचं पाकीट

स्वित्झर्लंडमध्ये आपण बर्फ आणि सिनेमातली जागा बघायला जातो. हल्ली काही हुशार कुटुंबं हॉटेलऐवजी भाड्याचं घर घेतात आणि तिथे पोहे करतात. त्यांच्यासाठी हा पाठ.

कांद्याची सालं कुठल्याही पिशवीत भरून बाहेर ठेवू नका. सेंट गॅलन शहराने १९७५ मध्ये कचऱ्याच्या पिशवीवर शुल्क लावलं, झुरिकने १९९३ मध्ये. आता ठरावीक, शुल्क भरलेलीच पिशवी चालते. 'एवढ्याशा पिशवीला एवढे पैसे?' असं दुकानात मोठ्याने म्हणू नका. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो.

पैसे वाचवण्यासाठी रात्री रस्त्यावरच्या डब्याकडे निघाल, तर तिथे पोलादी शार्क उभा असेल. डब्याचं नावच तसं आहे. तोंड मुद्दाम अरुंद. केळ्याचं साल जातं, घरची पिशवी जात नाही. आणि बेकायदा ठेवलेल्या पिशव्या उघडून आत नाव-पत्त्याचा कागद शोधणारी माणसं तिथे पगारी असतात. पत्ता सापडला की दंडाची पावती घरी.

आपल्या पूर्वजांनी भाऊबंदकीत जी बुद्धी खर्च केली, ती इथे कामी येते. स्वतःचा एकही कागद पिशवीत टाकू नका. त्याऐवजी त्याच गावात राहणाऱ्या साडूच्या नावाचं, नुकतंच आलेलं, बंद पाकीट सांभाळून तळाशी ठेवा.

पाठ ६. लंडन-पॅरिस: एका साहेबाची गोष्ट

लंडनच्या मोठ्या स्थानकांवर डबे गायब झाले ते १९९१ मध्ये व्हिक्टोरिया स्थानकातल्या डब्यात बॉम्ब फुटल्यानंतर. पॅरिसमध्ये १९९५ च्या स्फोटांनंतर आले ते लोखंडी कड्याला लटकणाऱ्या पारदर्शक पिशव्यांचे डबे. यात तुम्ही काय टाकलंत ते सगळ्यांना दिसतं. पाचशे युरोंचं जेवण झाल्यावर तुम्ही घरून आणलेल्या गुळपोळीचा फॉइल इथे टाकता, हे दिसू नये असं वाटत असेल तर जरा खाली दाबा.

पॅरिसला अर्धा तास जास्त द्या, कारण डब्यांचा आद्यपुरुष इथला. १८८३ मध्ये सेन विभागाचे प्रशासक यूजीन पूबेल यांनी घरमालकांना हुकूम सोडला: इमारतीतल्या भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवा. तेही वेगवेगळे, खरकटं एकात, कागद आणि चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले तिसऱ्यात. ओला-सुकाच्या पाट्या आपल्याकडे लागायच्या सव्वाशे वर्षं आधीची गोष्ट. घरमालक चिडले कारण खर्च त्यांच्या गळ्यात. चिंध्या वेचणारे चिडले कारण पोटावर पाय. वर्तमानपत्रांनी तर डब्यालाच साहेबांचं नाव देऊन टाकलं. आज फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात.

आमच्याकडच्या आयुक्तांना हा धडा कुणी वाचून दाखवलेला असावा. नाहीतर डबे न ठेवण्याची एवढी खबरदारी कशाला? कल्पना करा: 'कुलकर्णी भरला का रे? जरा बाहेर ठेव, वास येतोय.'

मुलं कंटाळली असतील तर त्यांना नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग या मनोरंजनाच्या बागेत न्या. तिथे १९५९ पासून एक अगडबंब खादाड बसला आहे. 'कागद इकडे!' असं ओरडतो, तोंडाने कागद ओढून घेतो आणि आभार मानतो. त्याला भरवायला मुलं जमिनीवरचे कागद शोधत फिरतात. कल्पना आपल्याकडेही पोचली. मात्र मुक्कामाला येईपर्यंत तिचा झाला 'यूज मी' लिहिलेला पेंग्विन. तो ओरडत नाही, ओढत नाही, आभार मानत नाही. चोच तुटलेली असते आणि तळ बहुधा नसतोच. मूल त्यात कागद टाकतं आणि तो पायाशी परत मिळतो. कर्माचा सिद्धांत लहानपणीच शिकवायची ही पद्धत आम्हाला आवडते.

पाठ ७. पदव्युत्तर: अमेरिकन गुरूंचे पाय धरा

आतापर्यंत आपण एका पिशवीपुरता विचार केला. आता कोट्यवधी पिशव्या एका दमात 'आपल्या नव्हेच' करणारे गुरू पाहू.

१९५३ मध्ये व्हरमाँट राज्याने परत न घेण्याच्या बाटल्यांतून बिअर विकायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅन, बाटल्या आणि पेयं बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था उभी राहिली. तिचा उपदेश ऐकायला गोड होता: कचरा बाटली करत नाही, माणूस करतो. तेव्हा माणसाला सुधारा. बाटली आहे तशीच राहू द्या.

१९७१ मध्ये या संस्थेची एक जाहिरात टीव्हीवर आली. पिसं लावलेला एक मूळ अमेरिकन गृहस्थ होडीतून येतो, गाडीतून कुणीतरी त्याच्या पायाशी कचऱ्याची पिशवी फेकतं, आणि त्याच्या डोळ्यातून एक अश्रू ओघळतो. सारा देश गहिवरला आणि स्वतःला दोष देत घरी गेला. पुढे कळलं की तो नट, आयर्न आइज कोडी, इटालियन आईबापांच्या पोटी जन्मलेला होता. म्हणजे अश्रू ग्लिसरीनचा, जमात उसनी आणि बाटली मात्र खरी.

आता तुमच्या बाकरवडीच्या पिशवीवरचा तो चिमुकला माणूस पुन्हा नीट बघा. ज्यांनी पिशवी बनवली त्यांनी त्याला तिथे उभा केला आहे. त्यांचा हात केव्हाच झटकून झालेला आहे. विद्या अशी हवी.

घाईत असलेल्यांसाठी

रवांडात २००८ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. सामानात असल्या तर किगालीच्या विमानतळावरच काढून घेतात. पिशवी हातावेगळी करण्याचा इतका विनासायास मार्ग क्वचितच सापडेल. मात्र महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथे राहू नका. त्या सकाळी सगळा देश सार्वजनिक कामाला बाहेर पडतो आणि पाहुण्याच्याही हातात खोरं येऊ शकतं.

जर्मनीत बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवा. हे तिथे सभ्यपणाचं मानतात. बाटलीवर अनामत असते, एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट. 'कुणीतरी' पाच मिनिटांत येतो आणि ती घेऊन दुकानातल्या यंत्राला देतो. मग तुम्हाला सुचेल की तिच्याशेजारी बाकरवडीची पिशवीही ठेवावी. ठेवून बघा. बाटली जाईल, पिशवी तिथेच राहील. वाऱ्याने तुमच्या मागे यायलाही लागेल.

शेवटचा पाठ. परत येताना

वाटेत इंदूरला आत्याकडे उतरू नका. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, आणि इंदूरचा मराठी माणूस त्याबद्दल जितक्या वेळा बोलतो तितक्या वेळा सराफ्यातल्या खाण्याबद्दलसुद्धा बोलत नाही. 'आमच्याकडे रस्त्यावर कचराकुंडीच नाही, भिया,' असं ऐकून घ्यावं लागेल, आणि तुम्ही जपानचं सांगायला तोंड उघडाल तर आत्या पोहे वाढेल.

थेट घरी या. बॅग उघडा. मोज्यांच्या खाली, अपेक्षेप्रमाणे, पिशवी सापडेल. टोकियोत जागा मिळाली नाही, सिंगापुरात धीर झाला नाही, झुरिकमध्ये साडूने मेजवानी दिली म्हणून मन झालं नाही. निराश होऊ नका, बहुतेक विद्यार्थ्यांचं असंच होतं. परदेश झाला, आता आपल्या दारात आपला 'कुणीतरी' येतो.

सकाळी साडेसातला मावशी येतील. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका गेली अनेक वर्षं दारोदार कचरा घेतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. मावशींचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलंय. त्या जिन्यातच बसून वेगवेगळं करतात. पुठ्ठा एका पोत्यात, दुधाच्या पिशव्या दुसऱ्यात, काच बाजूला. सुक्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसे त्यांचे.

निर्विकार चेहरा करा. पिशवी पुढे धरा. थोडा अभिमानही दाखवायला हरकत नाही: 'मावशी, ही जपानला जाऊन आलीय.'

मावशी ती हातात घेतील, चुरगाळून आवाज ऐकतील, आतली चंदेरी बाजू उलटून बघतील.

'कुटं का जाईना, काका. ह्याला भंगारवाला हात लावत न्हाई,' असं म्हणून त्या ती ओल्या कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवतील. 'बाटल्या हायत का?'